क्विझला पोरं बसवताना

दरवर्षी पावसाळ्यात सांगलीत आमच्या गल्लीतली चार-पाच पोरं आंतरशालेय क्विझसाठी माझ्याकडे येतात. पहिल्या दिवशी मी दोनशे पानी वही आणायला लावते. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. पाठ करताना उजवं पान दुमडून ठेवायचं.

सुट्टी माहिती टिकत नाही, जोडून लिहा. एका पानावर मोठ्या अक्षरात 1952. त्याखाली दोन ओळी: फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडला हरवून भारताचा पहिला कसोटी विजय, कर्णधार विजय हजारे, जन्म आपल्या सांगलीचा; जुलैत हेलसिंकीला कुस्तीत कांस्य, खाशाबा जाधव, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे पान पोरं कधी विसरत नाहीत.

सिनेमाचं तसंच. 1913 'राजा हरिश्चंद्र', मूकपट. 1931 'आलम आरा', पहिला हिंदी बोलपट. 1932 'अयोध्येचा राजा', पहिला मराठी बोलपट. नाटकाला एकच साल, 1843: विष्णुदास भावे, 'सीतास्वयंवर', तेही सांगलीतच.

प्रश्न पूर्ण ऐका, हे मी रोज सांगते. गेल्या वर्षी "स्मृती मानधनाचा जन्म..." एवढं ऐकूनच आमच्या पोरीनं बझर दाबला, "सांगली!" ती वाढली इथे, पण जन्म मुंबईचा. गुण गेले. पोरगी रडली. आता सरावाला मी स्टीलची वाटी पालथी ठेवते. माझं वाक्य संपल्याशिवाय तिच्यावर चमचा वाजवायचा नाही.

आदल्या रात्री नवीन काही वाचू नका. वही चाळा, लवकर झोपा.