लाल तार लालवर

आधी तारांचं सांगते, बाकी यादी नंतर. ॲम्प्लिफायरच्या मागे तार अडकवायची लाल आणि काळी चाकी असते, स्पीकरच्या मागेही असते. लालमधून निघालेली तार लालवर, काळीतली काळीवर. डाव्यालाही तसंच, उजव्यालाही तसंच. हे पाचवीतल्या पोराला कळतं. मलाही कळत होतं. तरी आमचा उजवा स्पीकर दसऱ्यापासून वैशाखापर्यंत उलटा लागलेला होता, आणि तेवढ्या काळात मी खोलीला, फरशीला, दुकानदाराला आणि नवऱ्याला पाळीपाळीने दोष देऊन झाला होता. शेवटी एक सबवूफरही, म्हणजे नुसत्या खर्जाचा वेगळा स्पीकर, विकत आणला. आता धाकटा भाऊ इंदूरच्या सुदामानगरात नव्या घरी चाललाय, त्याला गाणं ऐकायला ‘जरा बरं काहीतरी’ हवंय. त्याच्यासाठी ही यादी.

दुकानात जाण्याआधी टेप घेऊन खोली मोजा. आमचा हॉल बारा बाय सोळा. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा सूर घुमतो, सोळा फुटांत ३५च्या आसपासचा. म्हणजे खोली स्वतःच आपला खर्ज लावून बसलेली असते. पाठ भिंतीला टेकवून बसलात तर डग्गा नको तेवढा गुरगुरतो, आणि बरोब्बर खोलीच्या मध्यावर बसलात तर तोच गायब होतो. तेव्हा सोफा मागच्या भिंतीपासून निदान दोन-तीन फूट पुढे येईल का, हे आधी घरात विचारून घ्या. आमच्याकडे या एका प्रश्नावर चार दिवस अबोला होता. स्पीकर निवडणं त्या मानाने सोपं गेलं.

एवढ्या खोलीला उंच टॉवर लागत नाहीत. स्टँडवरचे लहान स्पीकर पुरतात. फक्त स्टँडचे पैसे आधीच बाजूला काढा, नाहीतर स्पीकर शोकेसवर गणपतीशेजारी बसतात आणि तिथेच राहतात. उंची अशी ठेवा की ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा पडदा, कानाच्या पातळीवर येईल. पण कान कुठे? आपल्याकडे निम्मे लोक सोफ्यावर आणि निम्मे खाली गादीवर बसतात. ज्याला खरंच ऐकायचंय त्याचा कान मोजा. इतरांना पोहे द्या.

ॲम्प्लिफायरच्या खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. पीएमपीओ नावाचा, क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा दिसला तर खोकं परत ठेवा, आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी ताकद, विचारा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटीही, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो, बघा. ८४ डेसिबलच्या स्पीकरला ९० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढायला चौपट वॅट लागतात, कारण दर तीन डेसिबलला ताकद दुप्पट. स्पीकरचा ओहमचा आकडा, म्हणजे तो विजेला किती विरोध करतो, ॲम्प्लिफायरला झेपेल असा हवा. ८ असला की सहसा डोक्याला ताप नसतो, ४ असला तर ॲम्प्लिफायरच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा. आणि लहान ॲम्प पिळून पिळून वाजवू नका. आवाज फाटायला लागला की आधी ट्विटर जळतो. लोकांना वाटतं मोठा ॲम्प स्पीकर जाळतो. कित्येकदा लहानच जाळतो.

दुकानात ऐकताना आपलं गाणं न्या. दुकानातलं गाणं त्या स्पीकरवर चांगलं वाजतं म्हणूनच तिथे असतं. बास आणि लाउडनेसची बटणं बंद करायला लावा. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमीच जास्त चांगला वाटतो, आणि हे विकणाऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आता तार. इथे माझं चुकलं, तेव्हा इथे थांबणार आहे.

जेल रोडवर मी स्पीकर नीट निवडले, दोन तास घेतले, आणि तार निवडायला दोन मिनिटं. भिंतीच्या पांढऱ्या पट्टीशी मॅच व्हावी म्हणून पांढरी घेतली. दोन्ही पदर पांढरे, एका पदरावर बोटाला लागेल न लागेल एवढी बारीक कड. दुकानातला पोरगा म्हणाला, “भिया से बोल देना, तार तो तार है.” तार म्हणजे तार नव्हे! लाल-काळी घ्या, किंवा पारदर्शक घ्या ज्यात एक पदर तांब्याचा आणि एक चंदेरी दिसतो. भिंतीवर शोभत नाही म्हणून कुणी कुरकुर केली तर करू द्या. जाडी १.५ चौरस मिलिमीटर पुरते, लांब पल्ला असेल तर २.५. हजारो रुपये मीटरच्या तारांचं जे काही ऐकाल ते चहाबरोबर ऐका आणि सोडून द्या. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार नको. ब्लेडने जरा खरवडून बघा, आत पांढरं निघालं तर परत द्या.

घरी आल्यावर, तार कापायच्या आधी, लाल नेलपॉलिश काढा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना त्याच पदरावर एक ठिपका. दोन तारा, चार ठिपके. वाळू द्या. मग सोला, पीळ द्या, लावा. ठिपका लालवर. तारेतून सुटलेला एखादा केसासारखा तंतू शेजारच्या चाकीला टेकत नाही ना बघा, आणि हे सगळं ॲम्प बंद करून, पिन काढून. ठिपका सोडून मी बाकी सगळी काळजी घेतली. फक्त दिवाणाखालून उजवी तार ओढताना तिला पीळ पडला, कड कुठल्या बाजूला होती ते अंधारात कळलं नाही, आणि मी म्हटलं, असेल हीच.

पहिल्याच दिवशी रामबागेतली आत्या आली. तिने इंदूरचे गवई उस्ताद अमीर खाँसाहेबांचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं, डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, “हा गवई बसलाय कुठे गं?” आम्ही हसलो. ती म्हणाली, समोरून येतोय असं वाटत नाही, डोक्यातच गुणगुणतोय, आणि खाँसाहेबांचा मंद्र एवढा पातळ कधीपासून झाला? ऐंशीची आहे, ऐकू कमी येत असेल, असं आम्ही ठरवून टाकलं. इंदूरात आयुष्य काढलेल्या बाईला खाँसाहेबांचा मंद्र शिकवायला निघालो होतो आम्ही.

तिने पहिल्या दोन मिनिटांत रोग सांगितला होता. एक स्पीकर उलटा असला की एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. खालच्या सुरांच्या लाटा लांब असतात, ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटरची, म्हणून दोन्हीकडून आलेल्या लाटा खोलीत एकमेकींना जवळपास पुसून टाकतात. वरच्या सुरांच्या लाटा काही सेंटिमीटरच्याच. त्या कुठे जुळतात, कुठे नाही, पुसल्या जात नाहीत. म्हणून तानपुऱ्याची जवारी ऐकू येते, झांजा चमकतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वा, किती स्वच्छ आवाज. मलाही तसंच वाटलं. चूक लक्षात न येण्याचं कारण हेच: काहीच बंद पडत नाही. धूर येत नाही, खरखर होत नाही. फक्त डग्गा दुबळा होतो आणि गवई समोरून उठून जातो. मग माणूस सबवूफर आणतो. सबवूफरने धमधम वाढली, गवई काही परत आला नाही.

सापडलं तेही अपघाताने. फरशीला पॉलिश करायचं म्हणून उजव्या स्पीकरची तार काढून ठेवली, आणि एकटा डावा वाजत असताना डग्गा आधीपेक्षा भरदार ऐकू आला. दोघांपेक्षा एक भारी! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. ही परीक्षा फुकट आहे, पहिल्याच दिवशी करा: दोन्ही लावून ऐका, मग एका स्पीकरची तार, ॲम्प बंद करून, उलटी लावा आणि पुन्हा ऐका. ज्या जोडणीत खर्ज जास्त, ती बरोबर. स्पीकर समोरासमोर वीतभर अंतरावर ठेवून केलीत तर फरक बहिऱ्यालाही कळेल. किंवा मोनो गाणं लावा, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं. स्टिरिओ तबकड्या १९५८ पासून बाजारात आल्या, त्याआधीचं काहीही चालेल. आवाज दोन स्पीकरच्या बरोब्बर मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून आला पाहिजे. मोनोला आणखी एक सोय आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे त्याचा साठा असतो. त्यांना ऐकवा आणि ते काय म्हणतात ते लिहून ठेवा.

चिन्हंच पुसली गेली असतील, जुने स्पीकर असतील, तर दीड व्होल्टचा साधा सेल घ्या. स्पीकर ॲम्पपासून सोडवा, सेल क्षणभर टेकवा. वूफरचा, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसला जे टोक होतं ते लाल. क्षणभरच. मोठी बॅटरी नको. दोन्ही स्पीकर उलटे लागले तर बिघडत नाही, हेही सांगून ठेवते. एक सुलटा आणि एक उलटा, हा घोटाळा.

जागा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं, तिन्हींत सारखं अंतर. आमच्याकडे सात फूट. तोंडं जराशी आत वळवलेली. मागे भोक असलेल्या स्पीकरला भिंतीपासून फूटभर तरी हवा, कोपऱ्यात कोंबले तर सगळी गाणी विहिरीतून आल्यासारखी. टाळी वाजवा: टण्णकन परत आली तर खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती यांच्यापुढे कुठलाही स्पीकर हरतो. हलवाहलव झाली की तारा पुन्हा बघा.

वीज. तीन पिनांचं सॉकेट, त्यात अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून. व्होल्टेज नाचत असेल तर स्टॅबिलायझर. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की पिन काढा. ॲम्प बंद शोकेसमध्ये नको, वर चार बोटं जागा मोकळी. सासूबाईंनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल त्याच्या जाळीवर घातला होता. त्या नसताना काढते, त्या आल्या की घालते, आणि तेवढा वेळ ॲम्प बंद ठेवते. यावर दुसरा उपाय सापडलेला नाही.

रेकॉर्ड प्लेअर असेल तर तो ॲम्पवरच्या ‘फोनो’ लिहिलेल्या भोकातच, दुसऱ्या कुठल्या भोकात घातलात तर आवाज मच्छरासारखा. त्याची अर्थची बारीक तार जोडा, नाहीतर घुंऽऽ. सुई जुनी असेल तर बदला, वडिलांच्या तबकड्यांवर झिजकी सुई चालवू नका. मोबाइलवरून ऐकत असाल तर ॲपमधला इक्वलायझर बंद. टीव्ही जोडायचा की नाही ते घरचे ठरवतील.

रंगपंचमीला खिडक्या लावा, स्पीकरवर चादर. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, राजवाड्यावर असते, पण रंग गल्लीतूनही येतोच.

दिवाळीची सफाई. बाई, पोरं, तुम्ही स्वतः, कुणीतरी तारा काढणारच. परत लावताना ठिपका बघा. गेल्या दिवाळीत मी नेलपॉलिश रिमूव्हरने स्पीकर पुसले आणि दोन ठिपके त्यात गेले. पुन्हा उलटा. या वेळी मात्र दोन दिवसांतच कळलं, कारण आत्या फराळाला आली होती.

सबवूफर विकायचाय. वापरलेला, खोकं आहे, बिल आहे. भावाला नकोय म्हणाला. कुणाला हवा असेल तर घरी येऊन ऐकून घेऊन जा, येताना तार मात्र तुमची आणा, लाल-काळी.