छायाचित्रांच्या प्रतींची रास्त किंमत कशी ठरवावी : गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी

छायाचित्रण शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने गेल्या फेब्रुवारीत माझ्यापुढे आपली वही ठेवली. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, हणजूणचा बुधवारचा बाजार आणि पणजीच्या फोंताइन्हासमधली दोन दुकाने फिरून तिने प्रतींचे दर टिपले होते : ३००, ४५०, १,२००, ८,०००. माशेलच्या चिखलकाल्याच्या, म्हणजे चिखलात खेळण्याच्या उत्सवाच्या, आपल्या छायाचित्राला यांपैकी कोणता दर लावावा, असे तिने विचारले. वहीत आकडे होते, पण आकड्यांशेजारी काहीच नव्हते, म्हणून मला उत्तर देता येईना. ३०० रुपयांना मिळणारे ते साध्या कागदावरचे छापील चित्र होते की कलर लॅबमधून काढलेली खरी छायाचित्रप्रत, हे कळल्याशिवाय त्या आकड्याशी तुलना करता येत नाही.

म्हणून बाजाराची पाहणी करताना किमतीच्या आधी वस्तू नोंदवावी. चित्राचा आकार, कागद, छपाईची पद्धत, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) व फ्रेम आहे की नाही, छायाचित्रकाराची सही व प्रतीचा क्रमांक आहे की नाही, आणि विकणारा स्वतः कलाकार आहे की दुकानदार, एवढे प्रत्येक दरापुढे लिहावे. गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या रेखाचित्रांच्या छापील प्रती गोव्यात अनेक ठिकाणी विकत मिळतात. पर्यटक भेटवस्तू म्हणून किती खर्च करतो हे समजण्यासाठी त्यांचे दर पाहावेत, पण सही केलेल्या मर्यादित (ठरावीक संख्येतच काढलेल्या) छायाचित्रप्रतीची तुलना त्यांच्याशी करू नये. सांगितलेली किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत या दोन निराळ्या गोष्टी असल्यामुळे दुकानदाराला अदबीने हेही विचारावे की अशा किती प्रती हंगामात खपतात आणि गिऱ्हाईक कोणत्या आकाराकडे आधी वळते. आपण विद्यार्थी आहोत हे न लपवता विचारले, तर बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात, असा माझा अनुभव आहे.

दर मात्र बाजारावरून न ठरवता आपल्या हिशेबावरून ठरवावा आणि मग तो बाजाराशी ताडून पाहावा. त्याआधी आपली फाईल किती मोठी छापता येते ते पाहावे. १२ × १८ इंचांची प्रत इंचाला ३०० पिक्सेल या प्रमाणात हवी असेल तर ३,६०० × ५,४०० पिक्सेल, म्हणजे सुमारे १.९४ कोटी पिक्सेल लागतात. चित्र कापून-छाटून घेतले असेल तर ही मर्यादा लवकर गाठली जाते. कागद निवडताना कलर लॅबचा चांदीच्या क्षारांचा छायाचित्र कागद आणि सुती कागदावरील पिगमेंट शाईची छपाई या दोन्हींचे नमुने शेजारी ठेवून पाहावेत. विरघळलेल्या रंगाची, म्हणजे डाय प्रकारची शाई उन्हात लवकर फिकी पडते, न विरघळणाऱ्या रंगकणांची पिगमेंट शाई पुष्कळ अधिक टिकते, आणि ज्या वस्तूसाठी आपण हजारो रुपये मागणार तिने टिकलेच पाहिजे.

गोव्यात टिकण्याचा प्रश्न मुख्यतः दमटपणाचा आहे. माझ्या सुरुवातीच्या प्रतींपैकी एक मी माउंटशिवाय थेट काचेला लावून विकली होती. एका पावसाळ्यानंतर गिऱ्हाइकाने ती परत आणली, तेव्हा चित्राचा चकचकीत थर काचेला चिकटला होता आणि सोडवू गेल्यावर खाजनातल्या (खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतजमिनीतल्या) पाण्याचा सगळा निळा भाग कागदावरून निघून काचेवर राहिला. मी नवी प्रत माउंटसह करून दिली. तेव्हापासून आम्लविरहित माउंट, मागचा जाड पुठ्ठा आणि भिंतीपासून हवा खेळती ठेवणारी छोटी बुचे यांचा खर्च मी किमतीत धरतोच. फोंड्याच्या एका फ्रेमवाल्याने त्या विद्यार्थिनीलाही हेच सांगितले : ‘‘बाय, माउंट न घालता नेलेली फ्रेम चतुर्थी झाली की माझ्याकडेच परत येते.’’

आता हिशेब. पुढचे आकडे पद्धत कळावी म्हणून घेतलेले आहेत. आपापल्या पावत्यांवरून ते बदलावेत. चिखलकाल्याच्या चित्रासाठी येण्याजाण्याचे ८०० रुपये, निवड व संस्करणाचे १२ तास ताशी २५० रुपयांप्रमाणे ३,००० रुपये आणि चाचणी प्रतींचे ६०० रुपये, असा एकदाच होणारा खर्च ४,४०० रुपये झाला. हा खर्च किती प्रतींवर वाटायचा, ही सर्वांत प्रामाणिकपणे ठरवण्याची गोष्ट आहे. मालिका, म्हणजे त्या चित्राच्या काढायच्या ठरवलेल्या एकूण प्रती, २५ची असली तरी पहिल्या दोन वर्षांत ८ खपतील असे वाटत असेल, तर ८नेच भागावे; प्रतीमागे ५५० रुपये येतात. प्रत्येक प्रतीची छपाई १,१००, माउंट व पुठ्ठा ३५०, वेष्टण १५०, मिळून १,६०० आणि खराब होणाऱ्या प्रतींसाठी दहा टक्के, म्हणजे १,७६०. सही, बांधणी व पोहोचवणे यांचा एक तास २५० रुपयांचा. एकूण २,५६० रुपये. कॅमेऱ्याची झीज आणि पुढचे काम यांसाठी त्यावर २५ टक्के धरले की ३,२०० रुपये होतात. एवढी रक्कम आपल्या हातात आलीच पाहिजे.

बहुतेक विद्यार्थी पुढच्या पायरीवर चुकतात. कलादालनाचा हिस्सा साधारणपणे विक्रीच्या किमतीच्या ४० ते ५० टक्के असतो. ४० टक्के हिस्सा आहे म्हणून ३,२०० रुपयांवर ४० टक्के चढवून ४,४८० रुपये किंमत लावली, तर दालन ४,४८०चे ४० टक्के, म्हणजे १,७९२ रुपये घेते आणि आपल्याला २,६८८ रुपयेच उरतात. आपल्याला मिळायची रक्कम ०.६० ने भागावी लागते : ३,२०० भागिले ०.६० म्हणजे ५,३३३, तेव्हा किंमत ५,३५० रुपये. फ्रेम आपण करून देत असू, तर हिस्सा काढण्यापूर्वी फ्रेमचा खर्च वेगळा काढला जाईल, हे दालनाशी लेखी ठरवावे. पैसे विक्रीनंतर किती दिवसांत मिळतील आणि प्रत खराब झाल्यास भरपाई कोण देईल, हेही त्याच कागदावर असावे.

स्वतःच्या मांडणीवरही किंमत ५,३५० रुपयेच ठेवावी. दालनात ५,३५० आणि बाजारात ३,२०० असे झाले, तर दालन पुन्हा आपले काम ठेवणार नाही आणि ज्याने आधी पूर्ण किंमत दिली त्याच्यावर अन्याय होईल. शिवाय बाजारात उभे राहून गिऱ्हाइकाशी बोलणे, जागेचे भाडे भरणे हे दुकानदाराचे काम आपणच करत असतो, त्याचा तो मोबदला आहे. घासाघीस करणाऱ्याला किंमत कमी करून देण्याऐवजी त्याच चित्राची ८ × १२ इंचांची लहान प्रत दाखवावी. १६ × २४ इंचांची प्रत क्षेत्रफळाने तिच्या चौपट असली तरी तिची किंमत चौपट होत नाही, कारण कागद व शाई वाढली तरी चित्रामागचा वेळ तेवढाच असतो. छपाईच्या खर्चातच प्रत देऊन टाकणारे विद्यार्थी मला भेटतात तेव्हा फार वाईट वाटते, कारण त्यामुळे याच पैशावर घर चालवणाऱ्या ज्येष्ठ छायाचित्रकाराचा दर पडतो.

मर्यादित मालिका करायची असेल तर प्रतींची संख्या पहिली प्रत विकण्यापूर्वीच ठरवावी, त्यात सर्व आकार धरावेत, आणि ३/२५ (२५पैकी तिसरी प्रत) असा क्रमांक व सही चित्राखालच्या कोऱ्या पट्टीवर पेन्सिलीने करावी. पुढे मागणी वाढली म्हणून ती संख्या वाढवता येत नाही. सुरुवातीच्या प्रती मूळ किमतीला व शेवटच्या काही प्रती चढ्या दराने देणे रास्त आहे. मात्र कोणत्या क्रमांकापासून दर चढेल हे आधीच जाहीर असावे.

पावतीवर चित्राचे नाव, आकार, कागद, क्रमांक व किंमत यांबरोबर स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडेच आहे, असे एक वाक्य लिहावे. प्रत विकल्याने कॉपीराइट विकला जात नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हस्तांतरित करायचा तर लेखी करार लागतो. परंतु एखाद्याने मोबदला देऊन आपल्याकडून छायाचित्र काढून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तोच ठरतो, म्हणून हॉटेलासाठी वा लग्नासाठी काढलेल्या चित्राची प्रत विकण्यापूर्वी मूळ बोलणी तपासावीत. चित्रात माणूस ओळखू येत असेल, तर त्याला विचारावे आणि एक प्रत त्याच्या घरी पोहोचवावी. तिचा खर्चही एकदाच होणाऱ्या खर्चात धरावा. त्या विद्यार्थिनीने वहीत या भेट प्रतीचा रकाना स्वतःहून वाढवला आणि सगळा हिशेब पुन्हा मांडायला घेतला.