शेवचेन्को आडनावाचा अर्थ लावताना या चुका टाळा

‘एन्को म्हणजे आपलं कर’ असं कुणी ना कुणी ठोकून देतंच. ऐकायला पटतं, पण सपशेल चूक. सातारकर, चिपळूणकर यांतला ‘कर’ गावाला लागतो, युक्रेनी ‘एन्को’ बापाला. कोवाल म्हणजे लोहार, त्याचा पोरगा कोवालेन्को. बोंदार लाकडी पिंपं बनवायचा, त्याचा बोंदारेन्को. आणि जोडे शिवणाऱ्या ‘श्वेत्स’चा लेक शेवचेन्को. बाईचं आडनावही शेवचेन्कोच, उगाच ‘शेवचेन्कोवा’ करू नका.

श्वेत्समधल्या ‘त्स’चा ‘च’ कसा झाला, इथे बरेच जण अडतात आणि भलताच मूळ शब्द शोधत बसतात. मराठी माणसाने तरी अडू नये. ‘त्याचा’ म्हणताना आपला च चोरातला असतो, ‘त्याची’ म्हटलं की तोच चिमणीतला होतो. मोठ्याने म्हणून बघा. तिकडेही एन्को जोडला की चोरातला च चेहऱ्यातला होतो. ‘श्वे’चं ‘शेव’ ही मात्र युक्रेनीची स्वतःची लकब; नुसती षष्ठी लावली तरी ‘श्वेत्स’चं ‘शेवत्स्या’ होतं.

रशियन कोश उघडून अर्थ काढलात तर हाती शिंपी लागेल. शिवणं दोन्हीकडे आहे, पण रशियन श्वेत्स कपडे शिवतो आणि युक्रेनी जोडे. युक्रेनीत शिंपी म्हणजे ‘क्रावेत्स’, त्याच्यावरून क्राव्चेन्को.

आपल्या सवयीने यात जात शोधायला जाऊ नका. तो पूर्वजाचा धंदा होता, बस्स.

महाकवी तारास शेवचेन्को (१८१४–१८६१) भूदास घरात जन्मला, १८३८ मध्ये अडीच हजार रूबल मोजून त्याला सोडवलं गेलं. त्याने लग्न केलं नाही, मूलबाळ नव्हतं. तेव्हा २००४ चा बॅलन डी’ओर जिंकणारा फुटबॉलपटू आंद्री शेवचेन्को दिसला की लगेच ‘त्यांचाच वंशज’ म्हणू नये. जोडे शिवणारे गावोगाव होते, म्हणून हे आडनावही गावोगाव. युक्रेनमध्ये मेल्निक, म्हणजे गिरणीवाला, या आडनावानंतर याचाच नंबर लागतो.

प्रदेश ओळखतानाही जपून. एन्को मुख्यतः नीपर नदीच्या मधल्या पट्ट्यातला, कोसाक म्हणजे तिथल्या स्वतंत्र लढवय्यांच्या मुलखातला. १६४९ च्या कोसाक नोंदवहीत अशी नावं ढिगाने सापडतात. पश्चिमेकडे त्याच धंद्यावरून शेवचुक होतं. पण १७९२ पासून झापोरोझियाचे (नीपरच्या खालच्या पट्ट्यातले) कोसाक आजच्या दक्षिण रशियातल्या कुबानमध्ये जाऊन वसले, त्यामुळे आज रशियातही शेवचेन्को पुष्कळ.

जुन्या सोव्हिएत नकाशात तर कॅस्पियन समुद्राकाठी शेवचेन्को नावाचं अख्खं शहर दिसतं. ते कझाकस्तानातलं अक्ताऊ. तिथे जोडे शिवणाऱ्यांची वस्ती वगैरे काही नव्हती. हद्दपारीत कवीला त्याच मांगिश्लाक द्वीपकल्पावरच्या किल्ल्यात ठेवलं होतं, म्हणून १९६४ ते १९९१ शहराला त्याचं नाव होतं.