प्रायॉरिटी चढवायच्या आधी काय तयार ठेवायचं

आंब्याचा सीझन तोंडावर आलाय, पॅकहाऊसमधली वजनावर प्रतवारी करणारी मशीनं पुसून बाहेर निघतील आणि कुणीतरी त्यातल्या लिनक्स बोर्डाला (छोट्या कॉम्प्युटरला) डीबगर (चालू प्रोग्रॅम थांबवून आत बघायचं साधन) लावून बसेलच, म्हणून आत्ताच लिहितोय. बॅकअप, चालू असलेल्या बायनरीचाच सोर्स, डीबग सिंबॉल, इन्व्हर्टर, हे तुम्हाला माहितीये. सीरियल केबल मात्र नुसती बॅगेत टाकू नका, लावून बघा, खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात आणि ते कळतं ऐन वेळी.

आता मुख्य गोष्ट. प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) फिफो या रिअल-टाइम पॉलिसीवर वरची प्रायॉरिटी (प्रोसेसर आधी मिळायचा मान) द्यायच्या आधी ती खाली उतरवायची सोय चालू करून ठेवा. आधी. फिफोमधली प्रोसेस स्वतः थांबेपर्यंत किंवा तिच्याहून वरची कुणी येईपर्यंत प्रोसेसरचा कोअर सोडत नाही, त्यामुळे एक लूप चुकला की एसएसएच (दुरून जोडायची सोय), लॉगिंग, शेल (कमांड द्यायची खिडकी) सगळे तिच्या मागे रांगेत. मागच्या सीझनला माझं नेमकं हेच राहिलं, रत्नागिरीत बसून देवगडच्या बोर्डाला जोडलेलो, डीबगरला कंटिन्यू दिलं आणि स्क्रीन गप्प, तिकडे पट्टा चालूच, शेवटी फोन करून मेन स्विच पाडायला लावला.

वरच्या प्रायॉरिटीचा शेल उघडला की झालं असं बरेच जण सांगतात, ते अर्धवट आहे. शेल ९० वर असला तरी तुम्ही दाबलेली अक्षरं त्याच्यापर्यंत आणणारे एसएसएचडी (एसएसएचची बोर्डावरची बाजू) आणि कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) वर्कर थ्रेड (कामाचे वेगवेगळे धागे) साध्याच पॉलिसीत असतात, एका कोअरच्या बोर्डावर त्यांचा नंबरच लागत नाही. म्हणून कीबोर्ड आणि नेटवर्क दोन्ही न लागणारी स्क्रिप्ट ठेवा: स्वतः ९९ वर, ६० सेकंद झोपणार, उठली की सीएचआरटी या पॉलिसी-प्रायॉरिटी बदलायच्या कमांडने त्या प्रोसेसला साध्या पॉलिसीवर आणणार. कमांडला सगळ्या थ्रेडवाला ‘-ए’ द्यायला विसरू नका, नाहीतर फक्त मुख्य थ्रेड उतरतो आणि कोअर धरून बसलेला थ्रेड तसाच वर राहतो. ती एकदा कुठल्यातरी फालतू प्रोसेसवर चालवून बघा, चालते हेही कळतं आणि लागणाऱ्या फाइली मेमरीत येऊन बसतात. मगच प्रायॉरिटी चढवा.

कोअर चार असतील तर टास्कसेट कमांड वापरून प्रोसेस एकाच कोअरवर बांधा, बाकीचे मोकळे. तरीही स्क्रिप्ट ठेवाच.

सीरियल कन्सोलवरून मॅजिक सिसआरक्यू (कर्नलला थेट हुकूम द्यायची सोय) पण चालतं, ब्रेक सिग्नल पाठवून ‘एन’ दाबलं की कर्नल सगळ्या रिअल-टाइम प्रोसेस साध्या करतो, फक्त ते चालू केलेलं आहे का बघा. पण प्रीएम्प्ट-आरटी (रिअल-टाइमसाठी बदललेल्या) कर्नलमध्ये इंटरप्टचे (हार्डवेअरची हाक ऐकणारे) थ्रेड मुळात ५० वर असतात, म्हणजे तुमची प्रोसेस ८० वर अडकली आणि कोअर एकच असेल तर सीरियल पोर्टही मुका. डीबग करताना ४० वर चालत असेल तर ४० वरच चालवा, ८० चा हट्ट कशाला?

६.१२ च्या आधीचा कर्नल रिअल-टाइमवाल्यांना दर १ सेकंदातले ०.९५ सेकंदच देतो, हे डिफॉल्ट. काही जण साइटवर ते -१ करून मर्यादाच काढून टाकतात. डीबगपुरतं ९५०००० (मायक्रोसेकंद, म्हणजे तेच ०.९५ सेकंद) परत घाला. उरलेल्या ५ टक्क्यांत एसएसएच रखडतं, त्याच्या भरवशावर राहू नका. स्क्रिप्ट.

आकडे उलटसुलट आहेत तेही ध्यानात असू द्या: नाइस (साध्या पॉलिसीतली प्रायॉरिटी) -२० ते १९, लहान आकडा वरचा, आणि त्याचा फिफोशी संबंध नाही, फिफो १ ते ९९, मोठा वरचा, व्हीएक्सवर्क्स या दुसऱ्या रिअल-टाइम ओएसमध्ये ० सगळ्यात वर आणि २५५ तळाला. दिलेली प्रायॉरिटी खरंच लागली का ते सीएचआरटीनेच विचारून घ्या.

जीडीबीलाच (म्हणजे डीबगरलाच) फिफोवर सुरू करू नका, त्यातून सुटलेला प्रोग्रॅम तीच पॉलिसी आणि तीच प्रायॉरिटी घेऊन जन्मतो. साधा जीडीबी, चालू प्रोसेसला जोडायचा.

कॉम्प्रेसरची हवा बंद करा, हे सांगितलं तरी लोक करत नाहीत. ब्रेकपॉइंटवर प्रोग्रॅम थांबतो, उघडा व्हॉल्व्ह उघडाच राहतो, आणि पट्ट्याजवळ माणसं उभी असतात.

हार्डवेअर वॉचडॉग डीबगपुरता बंद, नाहीतर ब्रेकपॉइंटवर थांबलात की बोर्ड रीसेट. लूपमध्ये प्रिंटएफ नको, वेळ बदलतो, कर्नलमधलं नोंदी ठेवणारं एफट्रेस वापरा. आणि प्रायॉरिटी वाढवून दोष गायब झाला तर खूश होऊ नका, कुठलंतरी म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप) खालच्या थ्रेडकडे अडकत असेल, १९९७ च्या मार्स पाथफाइंडर यानावर तेच झालेलं आणि त्याचा इलाज प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी देणं) चालू करणं हा होता.

प्रोसेस चढवायच्या क्षणी परत एकदा बघा, स्क्रिप्ट चालू आहे ना, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) बरोबर आहे ना. रीस्टार्ट केलं की पीआयडी बदलतो, स्क्रिप्टही नव्याने.

काम झाल्यावर: ब्रेकपॉइंट काढा, वॉचडॉग चालू, रिअल-टाइमची मर्यादा साइटला होती तशी, सिस्टमडीच्या (बोर्डावर प्रोग्रॅम सुरू करणाऱ्याच्या) सर्व्हिस फाइलमधला प्रायॉरिटीचा आकडा मूळचा, स्क्रिप्ट मारून टाका, नाहीतर ती चालू मालावर प्रायॉरिटी उतरवेल. रीबूट. मग हवा सोडा.