जुन्या बाजारातली सागवानी खुर्ची: काय दुरुस्त करायचं, काय तसंच ठेवायचं

पुण्याचा जुना बाजार असो, मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट किंवा जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट, खुर्ची घेताना आधी ती उलटी करा. वरून सगळ्याच चकाचक दिसतात. खालच्या बाजूला पॉलिश नसतं, तिथे नखाने किंवा किल्लीने हलकं खरवडा. रंग निघून आत फिकट लाकूड दिसलं तर ‘सागवान’ हा फक्त रंगाचा हात आहे. मग खुर्ची जमिनीवर हलकेच आपटा. नुसती भोकं असतील तर घाबरू नका, कीड कधीच निघून गेलेली असू शकते. पण भोकांतून ताजा, फिकट भुसा गळला तर ती अजून आत आहे. अशी खुर्ची घरात आणू नका, बाकीच्या फर्निचरलाही लागेल. शेवटी पायांचे तळ टोचणीने टोचून बघा. टोचणी सहज आत गेली की वाळवीने काम केलेलं आहे.

जे भार पेलतं ते पक्कं करायचं, जे नुसतं दिसतं ते राहू द्यायचं. ओरखडे, फिकटलेला हात, शाईचा डाग ठेवा. डुगडुगणारा पाय मात्र ठेवू नका.

डुगडुग बहुतेक वेळा सांध्यात असते आणि लोक तिथे वरून फेविकॉल ओततात. महिन्याभरात पुन्हा तेच, कारण जुन्या खुर्च्या सरसाने (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाने) जोडलेल्या असतात आणि सरसाच्या थरावरून नवा गोंद लाकडात मुरतच नाही. सांधा पूर्ण सोडवा. अडत असेल तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवा, सरस मऊ पडतो. तो खरवडून दोन्ही बाजूंनी कोरडं लाकूड उघडं करा, गोंद लावा, पाय बसवा. चारही पायांभोवती सुतळी बांधून त्यात काठी घाला आणि पीळ देत आवळा. हे सगळं सपाट फरशीवर, खुर्ची उभी ठेवूनच करा. आडवी ठेवून आवळली तर वाळल्यावर एक पाय अधांतरी राहतो. 24 तास बसू नका.

खिळे मात्र मारू नका. जुनं सागवान खिळ्याने चिरतं.

खुर्चीवर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, मास्क लावा, गाळ कागदात गुंडाळून टाका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घराबाहेरच.

पॉलिश लाखेचं आहे का, हे स्पिरिटच्या बोळ्याने कळतं: चिकट झालं तर हो. मग सगळं काढायची गरज नाही. 100 ग्रॅम चपडा लाख (लाखेचे पातळ पापुद्रे) 500 मिली स्पिरिटमध्ये रात्रभर काचेच्या बरणीत विरघळवा (लोखंडी डब्यात रंग काळवंडतो), मलमलने गाळा आणि उडालेल्या भागावर पातळ हात मारत जा. जाड एकच थर दिला तर तो सुरकुततो. जवळ गॅस, उदबत्ती काही पेटतं नको. पावसाळ्यात हे काम घेऊ नका, दमट हवेत लाख पांढरट पडते. गरम चहाचा कप थेट ठेवला तरी तसंच गोल उमटतं, म्हणून खुर्चीच्या हातावर कप ठेवायची सवय असेल तर हातापुरतं पॉलिश वगळून जवसाचं तेल चोळा. तेल पुसलेलं फडकं मात्र चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा.