स्केटची फ्रेम घेताना या चुका टाळा, मटेरियल सगळ्यात शेवटी बघा

इनलाइन स्केटची फ्रेम म्हणजे बुटाखाली एका रांगेत चाकं धरणारी पट्टी. रविवारी सकाळी मुंबईच्या बीकेसीत स्केटिंगला गेलं की नवीन आलेल्यांपैकी एक जण तरी हमखास विचारतो, दादा फ्रेम कार्बनची घेऊ की अ‍ॅल्युमिनियमची? मी उलट विचारतो, बुटाचं माउंट, म्हणजे फ्रेम बुटाला बसवायची पद्धत, कुठलीय? की गडी गप्प.

मी पण असाच गंडलोय म्हणा. माझे बूट यूएफएसचे आणि रंग आवडला म्हणून मागवली १६५ ची फ्रेम. ती बसणार कुठून! १६५ म्हणजे पुढच्या आणि मागच्या बोल्टमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, स्पीड बुटांना १९५ सापडतं, पॉवरस्लाइडच्या ट्रिनिटीला तीन बोल्ट लागतात आणि यूएफएस हे ग्राइंड करणाऱ्यांचं (रेल किंवा कठड्यावर फ्रेम घासत घसरणाऱ्यांचं), म्हणजे अ‍ॅग्रेसिव्ह स्केट्सचं वेगळंच प्रकरण. एका दुकानदाराने सल्ला दिला, सोलला नवीन होल पाडून घ्या. अजिबात पाडू नका, सोल तिथूनच तडकायला लागतो.

दुसरी चूक लांबीची. फ्रेमची लांबी पहिल्या एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, मध्यापासून शेवटच्या एक्सलच्या मध्यापर्यंत मोजतात. चार चाकांची असेल तर तिला ३ ने भागा, २४३ भागिले ३ म्हणजे ८१, म्हणून त्यात ८० मिमी व्यासाची चाकं बसतात आणि मध्ये जेमतेम १ मिमी फट राहते. आता यात ८४ घालू का असं विचारू नका, चाकं एकमेकांवर घासणार. २३१ ला ७७ येतात, म्हणजे ७६ ची चाकं. तीन चाकांना २ ने भागायचं, पण तिथे चाक बुटाच्या तळाला घासतंय का तेही बघा, कंपनीने लिहिलेल्या मॅक्स साइझच्या वर जाऊ नका.

लांबीवरून स्टाइल ठरते. कोन्समधून स्लॅलम करायचं असेल, जिथे कोन्स ८० सेंमीवरही लावतात, तर २३१ ते २४३ वाली आखूड फ्रेम पटकन वळते. स्पीडची ४×११०, म्हणजे ११० मिमीची चार चाकं, घेतली तर हिशेबानेच ती ३३० मिमीच्या वर जाते, सरळ रस्त्यावर मस्त स्थिर पण सोसायटीच्या कंपाउंडमध्ये वळवता वळवता जीव जातो. आणि आईबाबांनो, क्लासमधल्या मोठ्या पोरांच्या पायात ३×१२५ बघून आठ वर्षांच्या पोराला तीच आणू नका, चाक मोठं म्हणजे पाय जमिनीपासून उंच, घोटे आत पडतात, मग पोरगं स्केटिंगच सोडतं.

रॉकरबद्दल एक, म्हणजे मधली चाकं खाली आणि टोकाची थोडी वर. फ्लॅट फ्रेमवरही, म्हणजे जिचे सगळे एक्सल एका पातळीत असतात तिच्यावरही, पुढेमागे ७६ आणि मध्ये ८०, ८० लावून रॉकर मिळतो, टोकाची चाकं २ मिमी वर उचलली जातात, स्लॅलमला झकास. पण हाच सेटअप घेऊन स्पीड मारायला गेलात तर डगमगणार, मग फ्रेम खराब आहे म्हणून बोंब मारू नका.

आता मटेरियल. प्लॅस्टिक, म्हणजे कंपोझिट, जोर लावला की थोडं वाकतं, म्हणून वेग कमी, पण आपल्या पेव्हर ब्लॉकची खडखड पायापर्यंत कमी येते, नवशिक्याला वाईट नाही. ग्राइंडच्या फ्रेम तर मुद्दाम प्लॅस्टिकच्या असतात कारण त्या रेलवर घसरतात. अ‍ॅल्युमिनियम सगळ्यांना चालतं, शंका असेल तर डोळे मिटून तेच घ्या. कार्बन हलका आणि कडक, पण फुटपाथच्या कडेवर जोरात आपटला की वाकत नाही, चिरतो, आणि चीर आधी दिसतही नाही. मॅग्नेशियम हलकं, पण खारी हवा आणि स्टीलचे बोल्ट मिळून ते खातात. माझी सेकंडहँड मॅग्नेशियमची फ्रेम एका पावसाळ्यानंतर उघडायला गेलो तर बोल्ट जागेवरच बसलेला, अ‍ॅलन की फिरली, बोल्ट नाही. तेव्हापासून कुठलीही फ्रेम असो, मरीन ड्राइव्हवरून आलं की पुसायची आणि बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस.

फ्रेम बसवल्यावर काही बिनसलं तर लगेच नवीन घ्यायला धावू नका. घोटे आत पडतायत? बोल्ट सैल करून फ्रेम थोडी आतल्या बाजूला सरकवा. एका पायाने सरळ जाताना स्केट स्वतःच वळतोय? सुरुवात अशी करा, मागचा बोल्ट टाचेच्या मध्याखाली, पुढचा अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मधोमध, मग दर वेळी २ मिमी हलवून चालवून बघा. एक्सलचा बोल्ट घट्ट केल्यावर चाक अडकतंय तर बहुतेक दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर, म्हणजे छोटी नळी, राहिलाय. आणि प्रत्येक पुशला टक टक आवाज येत असेल तर आधी माउंटचा बोल्ट तपासा, दहातल्या नऊ वेळा तोच सैल असतो आणि आपण बिचाऱ्या बेअरिंगला शिव्या घालत असतो.