टायरच्या धंद्यात यायचंय? आधी परत आलेला टायर वाचायला शिका

जूनमध्ये डिप्लोमाचे निकाल लागले की आमच्याकडे मुलाखतींना पोरं येऊ लागतात. त्यातला एक तरी जाता जाता मलाच विचारतो, "सर, गाड्यांची विक्री पडली तर टायरवाल्यांचं काय?"

नवी गाडी टायर एकदाच मागते. पुढे ती रस्त्यावर आहे तोवर दर काही वर्षांनी मागत राहते, आणि ट्रक तर त्याहून लवकर. आपल्या देशात टायरच्या विक्रीतला निम्म्याहून जास्त भाग या झिजलेल्या टायरांच्या जागी जातो. धंद्यात त्याला रिप्लेसमेंट म्हणतात, आणि गाडीच्या कारखान्याला थेट जाणाऱ्या मालाला ओई. ओईमध्ये गाडी बनवणारे भावासाठी पिळून काढतात. तरी कंपन्या तिथे धडपडतात, कारण नव्या गाडीला जो टायर असतो तोच पुढे बदलताना बरेच लोक डोळे झाकून मागतात. मंदीत माणूस नवी गाडी पुढे ढकलतो आणि जुनीच अजून पळवतो. टायर झिजायचा थांबत नाही. म्हणून या धंद्याचा अंदाज घ्यायचा तर शोरूमपेक्षा ट्रक टर्मिनलला चक्कर मारावी, असं माझं मत आहे.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. २००९ साली क्युअरिंग, म्हणजे टायर शिजवण्याच्या, विभागात ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा रबर म्हणजे खोडरबर आणि चपला एवढीच माझी समज होती. पगार हातात आठ हजार, तीन पाळ्या, आणि पहिल्या आठवड्यात आईने पांढरा शर्ट घालून पाठवलेलं. कार्बन ब्लॅक नावाची काजळी काय असते ते त्या शर्टाला कळलं. नखांच्या कडांतून ती आजही पूर्ण जात नाही.

कारखाना आत शिरल्यावर स्वयंपाकघरासारखा वाटतो, फक्त अवाढव्य. मिक्सिंगमध्ये बॅनबरी नावाच्या बंद यंत्रात रबर, काजळी, तेल आणि रसायनं मळतात. गंधक मुद्दाम शेवटच्या फेरीत आणि कमी तापमानाला घालतात, नाहीतर मळतानाच कंपाउंड शिजू लागतं. पुढे एक्स्ट्रूडरमधून ट्रेडची, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाची, पट्टी निघते, कॅलेंडर नावाच्या रोलरांच्या यंत्रावर कापडाच्या किंवा पोलादी तारांच्या थरांना रबर चढतं, तारेची बीड, म्हणजे रिमला धरून बसणारी कडा, वेगळी वळली जाते. बिल्डिंगचा ऑपरेटर हे सगळं ड्रमवर चढवून जो मऊ, नक्षी नसलेला गोळा तयार करतो तो ग्रीन टायर. रंगाने तोही काळाच. मग क्युअरिंग प्रेस: आतून ब्लॅडर, म्हणजे रबरी फुगा, फुगतो, बाहेरून साचा दाबतो, तापमान दीडशे ते पावणेदोनशे अंश सेल्सियस. कारचा टायर दहा-पंधरा मिनिटांत उतरतो, ट्रकच्या टायरला पाऊण तासाच्या आसपास लागतो आणि खाणीतल्या डंपरच्या अजस्र टायरला कित्येक तास.

इथे एक गोष्ट मला महागात पडून समजली. प्लॅस्टिक बिघडलं तर वितळवून पुन्हा ओतता येतं. रबर एकदा गंधकाने बांधलं गेलं की परतीची वाट नाही. भाकरी करपली तर तिचं पुन्हा पीठ होत नाही, तसंच. चार्ल्स गुडइयरला ही क्रिया १८३९ मध्ये सापडली. (त्याच्या नावाची कंपनी १८९८ मध्ये निघाली, तोवर त्याला जाऊन जवळजवळ चार दशकं झाली होती आणि कंपनीशी त्याच्या घराण्याचा काही संबंध नव्हता. मुलाखतीत हे चुकीचं सांगणारे दरवर्षी भेटतात.) माझ्या दुसऱ्या महिन्यातल्या एका रात्रपाळीत एका प्रेसचा ब्लॅडर बारीक गळत होता. दाबाचा आलेख थोडा खाली आलेला मला दिसला होता. चहाची वेळ होती, "नंतर बघू" म्हटलं. सकाळी चौदा टायर स्क्रॅपमध्ये गेले. फोरमन ओरडले नाहीत. एक टायर कापून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आतून हात फिरव." आतल्या अस्तराला फोड आले होते, बाहेरून नक्षी मात्र झकास दिसत होती.

चार वर्षांनी मी टेक्निकल सर्व्हिसला गेलो आणि खरं शिक्षण तिथे झालं. डीलरकडे टायर परत आला की आमचा माणूस जाऊन दोष कंपनीचा की वापराचा हे ठरवतो. याला सगळे नुसतं "क्लेम" म्हणतात. दोष कंपनीचा निघाला तर नक्षीची उरलेली खोली मोजून तेवढ्याचीच भरपाई मिळते. त्यामुळे ग्राहक, डीलर आणि कंपनी, तिघंही तुमच्यावर थोडे थोडे नाराज असतात. घरच्यांना ही बदली बढती वाटली, मला शिक्षा. पण कारखान्यात तुम्ही टायर जन्मताना बघता. तो मरतो कसा ते इथेच कळतं.

दोन्ही खांदे झिजलेत पण मधला भाग शाबूत, तर हवा कमी होती. उलट असेल तर हवा जास्त. एकाच बाजूने झीज म्हणजे चाकांची अलाइनमेंट बिघडलेली. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, फुगा आलाय, तर गाडी खड्ड्यात जोरात आदळून आतले धागे तुटलेत. ग्राहक शपथेवर सांगेल की खड्डा नव्हताच, आणि पावसाळ्यात आपल्या रस्त्यावर हे सांगणं ऐकून घ्यायला संयम लागतो. आतल्या अस्तरावर गोल काळपट पट्टा आणि हाताला रबराची भुकटी लागली, तर टायर हवा गेलेल्या अवस्थेत बराच पळवलाय.

पहिला हंगाम मला वाळवा तालुक्यात मिळाला. उसाच्या ट्रॉलीचे टायर रिमकडच्या बीडजवळ फाटून येत होते. मालकाला विचारलं, "ट्रॉलीत ऊस किती टन भरता?" म्हणाला, "बसंल तेवढा." त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. काट्यावरच्या पावत्या मागितल्या, टायरवरच्या लोड इंडेक्सशी, म्हणजे तो किती भार पेलतो त्या आकड्याशी, ताडून त्यालाच आकडा दाखवला. क्लेम नामंजूर झाला. तो चिडला, पुढच्या हंगामाला मात्र जास्त थरांचे टायर त्याने माझ्याकडूनच विचारून घेतले. भार मात्र कमी केला नाही, हेही सांगायला हवं.

टायरच्या अंगावरची अक्षरं आजच पाठ करा. १९५/६५ आर १५ ९१ एच: रुंदी १९५ मिलिमीटर, उंची तिच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १५ इंच, ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत वेग. टायरवरच्या डॉट (DOT) शिक्क्यातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात; २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की तो उतरवायचा.

शिक्षणाचं म्हणाल तर मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल, तिघांनाही जागा असते. खास रबर शिकायचं असेल तर मुंबईच्या शासकीय तंत्रनिकेतनात रबर टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा आहे, वरच्या शिक्षणाला आयआयटी खरगपूरचं रबर टेक्नॉलॉजी सेंटर आणि कोचीच्या कुसॅट विद्यापीठातला पॉलिमर विभाग. नोकरी करता करता मी इंडियन रबर इन्स्टिट्यूटची डिप्लोमा परीक्षा दिली. पगार लगेच वाढला नाही, पण प्रयोगशाळेतली मंडळी कोणत्या भाषेत बोलतात ते कळू लागलं. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये इर्मरा ही रबर उद्योगाची संशोधन संस्था आहे, तिथली छोटी प्रशिक्षणंही उपयोगी पडतात.

घरापासून फार लांब जायची गरजही नाही. इटलीतल्या तोरिनोत जन्मलेली सिएट १९५८ मध्ये भारतात आली, १९८२ पासून ती आरपीजी समूहाकडे आहे. तिचे कारखाने भांडुप, नाशिकचं सातपूर, नागपूरजवळचं बुटीबोरी आणि अंबरनाथला आहेत. ब्रिजस्टोन चाकणला, गुडइयर वाळूजला, एमआरएफ गोव्यात उसगावला. बाळकृष्ण इंडस्ट्रीज, म्हणजे बीकेटी, हीसुद्धा वाळूजला आहे. शेती आणि खाणीच्या टायरांवर तिने जगभर नाव कमावलं, तरी आपल्या पोरांना ती कबड्डीच्या जाहिरातींमुळेच ठाऊक असते.

आता पुढे काय, हा प्रश्न. माझी नजर आधी रबराच्या भावावर असते, कारण टायरच्या खर्चातला सर्वात मोठा भाग कच्चा माल. भारतात नैसर्गिक रबर वर्षाला साडेआठ लाख टनांच्या आसपास निघतं आणि लागतं चौदा लाख टन; उरलेलं बाहेरून येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये नैसर्गिक रबराच्या आरएसएस-४ प्रतीचा भाव किलोला २४० रुपयांच्या वर गेला, तेव्हा आमच्याकडे खरेदी विभागातल्या लोकांची तोंडं बघवत नव्हती. कृत्रिम रबर, काजळी आणि नायलॉन खनिज तेलाच्या नाडीवर चालतात, म्हणजे दुसरी बाजूही आपल्या हातात नाही. अपोलो, सिएट, जेके आणि एमआरएफ यांनी २०२१ पासून ईशान्य भारत आणि पश्चिम बंगालमध्ये दोन लाख हेक्टर रबर लागवडीसाठी पैसा घालायचं ठरवलं. झाडाला चीक काढण्याजोगं व्हायला सहा-सात वर्षं लागतात, तेव्हा फळ आज मागू नये. दोडामार्गकडे गेलात तर आपल्या सिंधुदुर्गातही रबराच्या बागा दिसतील.

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरच्या टायरवरचा ५ टक्क्यांवर. डीलर खूश झाले, पण आधीच्या दराने भरून ठेवलेल्या मालाचं काय, यावर महिनाभर फोन वाजत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं आणि निर्यातीवर जगणाऱ्यांना घाम फुटला. देशाची टायर निर्यात वर्षाला २५ हजार कोटी रुपयांच्या घरात आहे, आणि कुणाचं पोट कोणत्या बंदरावर अवलंबून आहे हे अशा वेळीच कळतं. नोकरी घेताना कंपनीचा माल जातो कुठे, हे जरूर विचारा. कुणी रागावत नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांची भीती बाळगू नका. टायर त्यांनाही लागतात, उलट जास्त अवघड लागतात. बॅटरीने गाडी जड होते, मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते म्हणून झीज वाढते, आणि एका चार्जमध्ये लांब जायचं म्हणून टायर हलका लोळायला हवा. ओल्या रस्त्यावरची पकड, टिकाऊपणा आणि हलकं लोळणं यांतलं एक वाढवलं की दुसरं रुसतं. ही ओढाताण सांभाळायला ट्रेडमध्ये काजळीबरोबर सिलिका वापरतात आणि ती मिसळणं कटकटीचं काम आहे. केमिकल किंवा पॉलिमर शिकणाऱ्यांनी हा भाग पकडावा, माझ्यासारख्या मेकॅनिकलवाल्यांनी मिक्सिंगची यंत्रं.

जुन्या टायरांकडेही बघा. २०२२ पासून विकलेल्या मालाच्या प्रमाणात जुन्या टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आली आहे. ट्रकचा टायर रिमोल्ड करून, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं ट्रेड चढवून, पुन्हा चालवणं आपल्याकडे जुनंच, फक्त तिथे इंजिनीअर क्वचित दिसतात. अंगात धंदा असेल तर मोठ्या कंपनीच्या नावामागे न लागता या बाजूला डोकवा.

पाळ्या झेपतील का, हे मात्र ज्याचं त्याने ठरवावं. क्युअरिंगला मे महिन्यात उभं राहणं गंमत नाही, आणि दिवाळीतही प्रेस थंड होत नाहीत. मला सवय व्हायला दोन वर्षं लागली. माझ्याबरोबर लागलेल्या नऊ जणांतले चौघं पहिल्या वर्षातच गेले, त्यातला एक आज बँकेत मजेत आहे.

हल्ली मुलाखत घेताना मी टेबलावर क्लेममध्ये आलेला एक टायर ठेवतो आणि विचारतो, हा का परत आला असेल? बहुतेक जण नक्षी बघतात, ब्रँड वाचतात, पाठ केलेलं काहीतरी बोलू लागतात. मागच्या वर्षी मिरजेकडचा एक मुलगा आला होता. मार्क बेताचे, बापाचं हायवेला पंक्चरचं दुकान. तो काहीच बोलला नाही. बाह्या सारल्या, टायर उभा केला, आतून हात फिरवला आणि बोटांना लागलेली भुकटी मला दाखवली.